करस्थलातील लिंग आणि घरातील भय

श्री गुरुबसवलिंगाय नमः



चैत्र पौर्णिमेला आपण गावोगावी अक्कमहादेवींची जयंती करतो. अक्कन बळगाच्या भगिनी वचने गातात, प्रतिमेला हार घातला जातो, प्रसाद होतो. हे सारे योग्यच आहे. परंतु सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वी जी शरणी राजवाड्याकडे पाठ फिरवून एकटी चालू लागली, तिचा जयजयकार करून आपण घरी परततो, तेव्हा त्या घरातील स्त्री निर्भय असते काय? या महिन्याच्या चिंतनासाठी हाच प्रश्न घेऊ. प्रश्न अप्रिय आहे, पण टाळण्याजोगा नाही.

भय कोठे राहते?

स्त्रीच्या भयाचा विषय निघाला की आपल्याला अंधारी वाट, शेवटची एस. टी., ओसाड स्टँड आठवतो. ते भय खरे आहे. मुलगी क्लासहून परतायला अर्धा तास उशीर झाला तर आई उंबऱ्यावर येऊन उभी राहते आणि तिच्या जिवाचे पाणी पाणी होते. पण सर्वांत जुने भय घराच्या आत राहते. आमटीत मीठ जास्त पडले, त्याचे भय. माहेरच्यांशी फोनवर थोडे जास्त बोलणे झाले, त्याचे भय. किराणा मालाला पैसे मागायचे, म्हणून सकाळपासून शब्द जुळवत बसण्याचे भय. दारात चपला कशा पडल्या, त्या आवाजावरून आज घरधनी कशा मनःस्थितीत आला आहे हे ओळखण्याची विद्या कितीतरी माउलींना अवगत असते. ती विद्या त्यांना कोणत्या शाळेत मिळाली? भयाच्या शाळेत.

हे आपल्या समाजात नाही, असे म्हणून कोणी पान उलटू नये. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हेच प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले. बसवण्णांच्या आणि अक्कांच्या भूमीतील हे आकडे आहेत. या घरांपैकी कितीतरी घरांत रोज विभूती लावली जात असेल, रोज लिंगपूजा होत असेल.

आपल्या बोलण्यात एक शब्द नेहमी येतो : धाक. "घरात पुरुषाचा धाक पाहिजे", "बायको धाकात असलेली बरी" असे आपण सहज म्हणून जातो. वाचकहो, धाक आणि मान या दोन वस्तू वेगळ्या आहेत. मान पाठीमागेही टिकतो. धाक पाठ वळली की संपतो. ज्याला मान मिळत नाही, तोच धाक मागत फिरतो. मुले बापाला पाहून अभ्यासाचे पुस्तक उघडतात आणि तो बाहेर पडताच मिटतात, तेथे धाक आहे. बाप गावाला गेला तरी त्याच्या शब्दाखातर पुस्तक उघडतात, तेथे मान आहे. पत्नीच्या बाबतीतही हेच खरे.

स्त्री जात्याच भित्री आहे काय?

संस्कृत कवींनी स्त्रीला 'भीरु' असे संबोधन लाडाने वापरले. भित्रेपणा हा जणू तिचा अलंकार! परंतु आपल्याच इतिहासाकडे पाहा. १६८९ साली छत्रपती राजाराम महाराज जिंजीकडे निघाले होते. मोगल फौजा मागावर होत्या. त्या वेळी केळदीच्या लिंगायत राणी चन्नम्मा यांनी औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना आश्रय दिला. १६७१ पासून १६९६ पर्यंत पंचवीस वर्षे त्यांनी राज्य चालविले. अभय मागणारा छत्रपती आणि अभय देणारी एक स्त्री, हे चित्र प्रत्येक मराठी लिंगायत घरात मुलांना सांगितले पाहिजे. पुढे १८२४ च्या ऑक्टोबरमध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मा कंपनी सरकारच्या फौजेपुढे उभ्या राहिल्या. त्या लढाईत कलेक्टर थॅकरे पडला. राणींचा शेवट १८२९ मध्ये बैलहोंगल येथे बंदिवासात झाला, पण त्यांच्या नावाला भय चिकटले नाही.

तात्पर्य, भय स्त्रीच्या रक्तात नाही. ते लहानपणापासून थोडे थोडे भरविले जाते. "मोठ्याने हसू नकोस", "दारात उभी राहू नकोस", "सासरी असे चालणार नाही". आणि काही मुलींना तर जन्मण्याआधीच भय घेरते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या; २०११ मध्ये त्या ८९४ राहिल्या. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ सालीच झाला होता. म्हणजे शिक्षण वाढले, दवाखाने वाढले, आणि मुली कमी झाल्या. शिकलेल्या मनातही जुनी भीती तशीच बसलेली आहे, हाच याचा अर्थ.

अक्कांनी काय केले?

उडुतडीच्या महादेवींचे चरित्र आपण जाणता. राजा कौशिकाचे मन त्यांच्यावर गेले. राजाची इच्छा म्हणजे त्या काळी कायदाच. आईवडिलांवर संकट येणार, हे दिसत होते. हरिहर कवीने आपल्या रगळ्यात सांगितले आहे की महादेवींनी राजापुढे अटी ठेवल्या : माझ्या लिंगपूजेत, गुरूंच्या आणि शिवभक्तांच्या सेवेत आडकाठी करायची नाही. राजाने अटी मोडल्या आणि त्या निघून गेल्या. पुढच्या काही चरित्रकारांच्या मते हा विवाह झालाच नाही. विवाह झाला की नाही, हा वाद पंडितांवर सोपवू. आपल्याला महत्त्वाच्या आहेत त्या अटी. बाराव्या शतकातील एक तरुण मुलगी राजाला सांगते की, माझ्या आत एक जागा आहे, तेथे तुझी सत्ता चालणार नाही. ही जागा प्रत्येक स्त्रीच्या ठायी आहे. त्या जागेचेच नाव प्राणलिंग.

राजवाडा सोडल्यावर त्यांची वाट सोपी नव्हती. एकटी तरुण स्त्री, अंगावर वस्त्र नाही, केसांचेच आवरण. वाटेत पुरुषांच्या नजरा होत्या, रात्र होती, भूक होती. त्यांच्या वचनांतून हे सारे आले आहे. भय वाटलेच नाही असा आव त्यांनी कोठे आणलेला नाही. त्यांनी भयाहून मोठी वस्तू धरली, म्हणून भय लहान झाले. चन्नमल्लिकार्जुन हा ज्यांचा पती, त्यांना दुसरा कोणता पुरुष भिववणार?

कल्याणला पोहोचल्यावर अनुभव मंटपात अल्लमप्रभूंनी त्यांना कठीण प्रश्न विचारले. शून्यसंपादनेत हा प्रसंग विस्ताराने आहे. तुझा पती कोण? देहाचा मोह सुटला असेल तर केसांनी देह का झाकतेस? आजची शिकलेली भगिनी विचारील, पुरुष शरणांना असे प्रश्न विचारले होते काय? हा प्रश्न रास्त आहे. परीक्षा प्रत्येक साधकाची होत असे, हे खरे. पण देहाबद्दलची उलटतपासणी वाट्याला आली ती स्त्रीच्याच, हेही खरे. मात्र पुढे काय घडले ते पाहा. अक्कांनी शांतपणे उत्तर दिले की हे आवरण माझ्या लाजेसाठी नाही, पाहणाऱ्याच्या दुबळेपणासाठी आहे. दोष देहात नाही, दृष्टीत आहे, हे त्यांनी भर सभेत सिद्ध केले. आणि त्या सभेने आपला निर्णय बदलला. वयाने थोर असलेले शरणही त्यांना 'अक्का' म्हणू लागले. अक्का म्हणजे थोरली बहीण. कन्नडमध्येही तेच, आपल्या मराठीतही तेच. जिच्याकडे संशयाने पाहिले, तिला बहीण मानून तिच्यापुढे मस्तक लववणारी सभा, हे अनुभव मंटपाचे खरे मोठेपण.

पती एकच

आता सिद्धांताकडे वळू. आपल्या धर्मात 'शरण सती, लिंग पती' हा भाव सांगितला आहे. या सूत्राचा काही जण उलटा उपयोग करतात. ते म्हणतात, पाहा, धर्मानेही सतीभाव सांगितला आहे, म्हणून स्त्रीने पतीला परमेश्वर मानावे. वाचकहो, नीट विचार करा. शरण म्हणजे कोण? फक्त स्त्रिया काय? बसवण्णा शरण आहेत, चन्नबसवण्णा शरण आहेत, सिद्धरामेश्वर शरण आहेत. हे सर्व सती आहेत आणि पती एकटे लिंग आहे. मग घरातील पुरुष कोण झाला? तोही सतीच झाला! पती-पत्नी दोघेही एकाच पतीच्या सेवेतील, म्हणून ती दोघे परस्परांचे सोबती.

यातून पुढचा विचार आपोआप निघतो. जो पुरुष घरात स्वतःला मालक समजतो, पत्नीच्या मनावर, देहावर, पैशावर माझाच हक्क असे म्हणतो, तो लिंगाच्या आसनावर स्वतः जाऊन बसतो. याला केवळ वाईट वर्तन म्हणून चालणार नाही. हा लिंगद्रोह आहे. स्मृतिकारांनी स्त्रीला बालपणी पित्याच्या, तारुण्यात पतीच्या आणि म्हातारपणी पुत्राच्या स्वाधीन ठेवले. शरणांनी तिच्या हाती इष्टलिंग दिले. या दोन मार्गांतील अंतर आपल्या लक्षात आले पाहिजे. जिच्या गळ्यात इष्टलिंग आहे, तिच्या आणि शिवाच्या मध्ये कोणी पुरुष उभा नाही. पिता नाही, पती नाही, पुरोहितही नाही.

इष्टलिंगाची पूजा आपण डाव्या करस्थलावर करतो. सकाळी ज्या हातावर लिंग ठेवले, त्याच माणसाचा हात संध्याकाळी घरच्या लक्ष्मीवर उठत असेल, तर सकाळची ती पूजा कोणाला पोहोचली? बसवण्णांनी सांगितलेल्या शुद्धीत क्रोध न करणे आणि दुसऱ्याला हीन न लेखणे यांचा समावेश आहे. विभूतीचे तीन पट्टे त्याची भरपाई करीत नाहीत.

स्त्री म्हणजे माया काय?

दुसरी एक समजूत कीर्तन-प्रवचनांतून आपल्यापर्यंत आली आहे : स्त्री ही माया, साधनेतील धोंड. अल्लमप्रभूंनी या समजुतीचे मूळच खणून काढले. सोने, जमीन, स्त्री यांना माया ठरवणे सोपे असते, कारण मग दोष बाहेर टाकता येतो. प्रभूंनी तो दोष परत माणसाच्या मनात आणून ठेवला. हाव हीच माया, असे ते शिकवतात. सोलापूरचे सिद्धरामेश्वर त्याहूनही पुढे गेले. स्त्रीला भुलवणारी शक्ती समजण्याची कल्पना नाकारून त्यांनी तिच्यात आपले आराध्यच पाहिले. जेडर दासिमय्यांनी विचारले की स्त्री-पुरुष हा भेद शरीराच्या खुणांचा. आत वसणाऱ्या आत्म्याला कोणते लिंग लावणार?

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की वचनवाङ्मयात सर्वत्र एकच सूर नाही. काही वचनांत परस्त्रीच्या मोहाबद्दलचा इशारा जुन्याच भाषेत येतो. परंतु तो इशारा पुरुषाला, त्याच्या मनाला आहे. त्यातून स्त्रीची निंदा काढणे म्हणजे वैद्याने रोग्याला पथ्य सांगावे आणि रोग्याने अन्नालाच शिव्या द्याव्यात, तसे होईल.

"मग आमच्या मुलींनीही अक्कांसारखे घर सोडावे काय?" असे कोणी विचारील. नाही. आयदक्की लक्कम्मांनी घर सोडले नाही. त्यांचे पती मारय्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि विचारले, ही हाव कोठून आली? गरजेपुरते ठेवा आणि बाकीचे परत टाकून या. मारय्या गेले आणि टाकून आले. या कथेत लक्कम्मांचे धैर्य आपण नेहमी गातो. आज मारय्यांचेही थोडे गाऊ. पत्नीने चूक दाखवली म्हणून त्यांचा पुरुषार्थ दुखावला नाही. "तू मला शिकवणार?" असे ते म्हणाले नाहीत. राजवाडा सोडणाऱ्या अक्का आणि चुलीपाशी उभ्या राहून पतीला धर्म सांगणाऱ्या लक्कम्मा, दोघींचा मार्ग वेगळा, निर्भयता एकच. एकीला कौशिक भेटला, दुसरीला मारय्या. आपल्या लेकीला कोण भेटावे असे आपल्याला वाटते? आणि आपला लेक यांपैकी कोण होत आहे?

आपल्या घरात काय शिरले?

बसवण्णांबद्दल अशी कथा सांगतात की, बहीण नागम्माला जो संस्कार नाही तो मला नको, म्हणून त्यांनी मुंज नाकारली. कल्याणात शिवशरणींनी स्वतः वचने रचली. तीसहून अधिक वचनकर्त्या स्त्रियांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. त्यांत राजघराण्यातील आहेत, सूत कातणाऱ्या आहेत, वेश्याव्यवसायातून आलेल्या संकव्वाही आहेत. शरणांनी पंचसूतके नाकारली, त्यांत रजःसूतकही होते. लिंगधारी स्त्रीला विटाळ नाही, हा आपला सिद्धांत.

आणि आज? कितीतरी लिंगायत घरांत मासिक धर्माच्या दिवसांत मुलीला बाजूला बसवतात, लिंगपूजेला हात लावू देत नाहीत. विधवा मातेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. लग्नात 'मानपान' या गोंडस नावाखाली हुंडा घेतला जातो. लेकींकडून भावांच्या नावे हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात आणि सही केली नाही तर माहेर तुटेल, असे भय घातले जाते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात लिंगायतांचा नावानिशी उल्लेख आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला आहे. कायद्याने दिलेले आपण भय घालून काढून घेतो. शेजारच्या रूढी आपल्या घरात कशा शिरल्या, याचा शोध घ्यायला हवा. पण त्यांना बाहेर घालवायला शोध पुरा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

मठही यातून सुटत नाहीत. पीठावर स्त्री बसू शकते, हे १९७० साली धारवाड येथे माते महादेवींनी जगद्गुरू पद स्वीकारून दाखवले. त्या २०१९ मध्ये लिंगैक्य झाल्या. तरीही आपल्या बहुतेक मठांत निर्णय घेणाऱ्यांच्या पंक्तीत स्त्री दिसत नाही. ती दिसते प्रसादाच्या स्वयंपाकघरात.

गणाचार कोणाचा?

पंचाचारांपैकी तीन आचार येथे लागू करून पाहू. सदाचार म्हणजे कष्टाने, नीतीने राहणे आणि कोणाला न दुखवणे. भृत्याचार म्हणजे सर्व शिवभक्तांपुढे आपण सेवक, ही नम्रता. घरातील पत्नी, सून, मुलगी या शिवभक्त नाहीत काय? मग भृत्याचार घराच्या उंबऱ्याशी का थांबतो? आणि गणाचार म्हणजे अन्याय दिसल्यावर गप्प न बसणे. शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज येतो आणि आपण "नवरा-बायकोचे भांडण, मध्ये कशाला पडा" म्हणून दार लावून घेतो, तेव्हा आपला गणाचार भंगतो.

माहेरी आलेल्या लेकीला "थोडे सोस, सगळे ठीक होईल" असे सांगून परत पाठवू नका. आधी तिचे ऐका. मठात गाऱ्हाणे घेऊन आलेल्या स्त्रीला सहनशीलतेवर प्रवचन देऊ नये. तिच्या पतीला बोलावून घ्यावे. कौटुंबिक हिंसेपासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा तिला त्याच घरात राहण्याचा हक्क देतो, संरक्षण अधिकाऱ्याची मदत देतो. १८१ हा महिला साहाय्य क्रमांक आणि तातडीच्या वेळी ११२, हे दोन आकडे प्रत्येक अक्कन बळगाच्या फलकावर ठळक लिहून ठेवावेत. पोलिसांकडे जाणे धर्माविरुद्ध नाही. मारणे धर्माविरुद्ध आहे.

भगिनींनो, "भिऊ नकोस" हा उपदेश आपण पुष्कळ ऐकला असेल. तो अर्धा उपदेश आहे. भय घालणाऱ्याला मोकळे सोडून भिणाऱ्याला धीर सांगणे हा न्याय नव्हे. म्हणून उरलेला अर्धा उपदेश बंधूंसाठी आहे : भय घालू नका. आणि भगिनींसाठी इतकेच, की तुमच्या गळ्यातील इष्टलिंग कोणाच्या परवानगीने मिळालेले नाही आणि ते कोणाला काढून घेता येणार नाही. त्याच्यासमोर रोज थोडा वेळ बसा. तेथे तुम्ही कोणाच्या धाकात नाही. तेथे जे बळ मिळेल, ते घेऊन बोला. आणि एकटीने बोलणे जड वाटले तर चौघींनी मिळून बोला.

सद्भक्तहो, या महिन्यात एक नेम धरू. पूजेला बसण्यापूर्वी प्रत्येक पुरुषाने स्वतःला विचारावे : माझ्या पावलांचा आवाज ऐकून घरात कोणी गप्प होते काय? उत्तर 'होय' असेल तर त्या दिवशी आधी त्या व्यक्तीजवळ जावे, क्षमा मागावी, मग करस्थलावर लिंग घ्यावे. लिंगदेव तेवढा वेळ थांबेल. घरातील भय हटले, म्हणजेच अनुभव मंटपाची एक पायरी आपल्या अंगणात बांधली गेली असे समजावे.

शरणु शरणार्थी.